शिवणीतली माया

शिंप्याच्या बोलीत 'माया' नावाचा एक शब्द आहे. कापड बेतताना शिवणीच्या आत जो जादा पट्टा राखून ठेवतात, त्याला माया म्हणतात. अंग भरले तर शिवण उसवून तेवढे कापड बाहेर घेता यावे, ही त्यामागची दृष्टी. वेदान्त्यांची माया दिसते आणि नसते; शिंप्याची माया असते आणि दिसत नाही. आईच्या मायेशीच तिचे नाते अधिक जवळचे म्हणावे लागेल.

हा शब्द गेल्या मार्गशीर्षात माझ्या मनात घोळू लागला, त्याला एक घरगुती निमित्त घडले. आमच्या काकांच्या नातवाला बेळगावला एका लग्नाला जायचे होते. तेथील थंडीसाठी त्याने आजोबांचा लोकरी कोट मागितला. काका शिक्षणासाठी इंग्लंडात असताना 1957 साली त्यांनी तो तेथे शिवून घेतला होता. पुढे आयुष्यभर त्यांनी तो जपला, आणि त्यांच्या पश्चात तो काकूंच्या पेटीत होता. घरात लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, गेलेल्या माणसाचे वस्त्र मंगलकार्यात कसे घालायचे? दुसरा म्हणाला, घालायचे म्हणजे मापाचे करावे लागणार. ही काकांची आठवण आहे, तिला कात्री लावू नका.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर काकूंनीच दिले. "लोकर ती. धाबळी नेसून सोवळ्यात वावरतोच ना आपण? ती काय रोज धुतो?" त्यांच्या या शास्त्रार्थापुढे कोणी बोलले नाही. दुसरा आक्षेप मात्र इतक्या सहजी निकालात निघण्यासारखा नव्हता. एकाच्या देहावर बेतलेली वस्तू दुसऱ्याची कशी होते? आणि ती आपली करून घेताना तिच्यात किती फेरफार करण्याचा आपल्याला अधिकार असतो?

जीर्ण वस्त्रे टाकून देही नवी धारण करतो, हा गीतेतला दृष्टान्त आपल्या कानांवरून शेकडो वेळा गेलेला आहे. त्याचा विचार आपण नेहमी देह्याच्या बाजूने करतो. टाकलेल्या वस्त्राचे पुढे काय, हा प्रश्न तेथे अप्रस्तुत असतो. व्यवहारात तो प्रस्तुत होतो, कारण पुष्कळदा माणूस जीर्ण होतो आणि वस्त्र होत नाही. हा कोट तर मुळीच झाला नव्हता.

तो का झाला नव्हता, हे समजून घेण्यासाठी मी त्याची बारकाईने तपासणी केली. आतल्या खिशाच्या पोटात कापडाची एक लहान चिठ्ठी शिवलेली असून तिच्यावर शाईने काकांचे नाव आणि साल लिहिलेले आहे. माप घेऊन शिवणारे विलायती शिंपी ती अशा आडजागी लावतात. मिरवण्यासाठी ती नसते. दुसरी एक चिठ्ठी कापडाची आहे. तिच्यावर गोल आणि त्यावर क्रूस, अशी हॅरिस ट्वीडची मुद्रा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर विणकर आपापल्या घरी हातमागावर हे कापड विणतात. 1911 पासून त्यावर ही मुद्रा उमटू लागली, आणि 1993 साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून त्या नावाला संरक्षण दिले.

खरी ओळख मात्र चिठ्ठीवरून पटत नाही, बोटांना पटते. छातीखाली गुंडीजवळ वरचे कापड आणि आतली पट्टी चिमटीत धरून हलकेच सुटी केली, तर चांगल्या जुन्या कोटात या दोहोंच्या मध्ये तिसरा एक थर सरकताना जाणवतो. ते घोड्याच्या केसांचे आणि लोकरीचे कडक अस्तर. शेकडो बारीक, ढिल्या टाक्यांनी ते कापडाला जोडलेले असते, म्हणून वापरणाऱ्याच्या छातीचा आकार ते हळूहळू घेते. पुढे कारखान्यांतून हे अस्तर उष्णतेने चिकटवण्याची रीत रूढ झाली. त्यात श्रम वाचतात. परंतु डिंक सुटला की कापडावर फोड आल्यासारखे फुगवटे दिसू लागतात आणि त्यावर बहुधा इलाज नसतो. गळपट्टी उलटून पाहिली, तर हाताचे टाके किंचित असमान आढळतात. काजेही सगळी एकसारखी नसतात. त्या असमानपणात एका माणसाचा दिवस गेलेला असतो.

जुन्या कोटांच्या शौकिनांचे मला कधीकधी हसू येते, हेही येथे सांगून टाकतो. दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि सरकारमान्य साध्या कपड्यांवर 'सीसी 41' अशी खूण येऊ लागली. 1942 च्या निर्बंधांनी खिसे आणि गुंड्या मोजून दिल्या. दुहेरी छातीचा कोट बंद झाला, विजारीच्या तळाची दुमडही गेली. पुरुषांच्या पोशाखावरील हे जाचक नियम 1944 साली उठले आणि सगळी योजना 1952 साली संपली. आज त्याच टंचाईच्या खुणेपायी हौशी लोक चढा भाव मोजतात!

आता माझी एक जुनी चूक. माझ्या वडिलांचा निळ्या सर्जचा कोट होता. ते रुंद खांद्यांचे, मी तरुणपणी काटकुळा. नोकरीच्या मुलाखतीसाठी मी तो आटवून घेतला. शिंप्याने विचारले, "आतली माया ठेवू की काढू?" शिवण जाड दिसेल म्हणून मी म्हटले, "काढून टाका." त्याने सांगितल्याप्रमाणे केले. सात-आठ वर्षांनी माझा धाकटा भाऊ थेट वडिलांच्या बांध्यावर गेला. त्याने एकदा तो कोट अंगावर चढवून पाहिला. पाठीवर शिवण ताणली, हात पुढे येईनात. शिंप्याने उसवून पाहिले, तर आत दोऱ्याइतकेही कापड उरलेले नव्हते. भाऊ काही बोलला नाही. कोट घडी करून त्याने माझ्या हाती दिला, एवढेच.

तेव्हापासून मला वाटते की, कोट आटवणे हा अपराध नव्हे. माया कापणे हा अपराध. शिवण आत घेतली तर ती पुढे कोणालाही सोडता येते. कापलेले कापड कोणालाही जोडता येत नाही. जो फेर उलटवता येतो तो करण्याचा अधिकार वापरणाऱ्याला आहे, कारण वस्तू वापरासाठीच केलेली असते. जो उलटवता येत नाही तो करताना आपण आपल्या मागून येणाऱ्याचा वाटा खर्च करत असतो, आणि तो तर तेथे बोलायला हजर नसतो. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या सभांमध्ये बसलेल्यांना हा पेच परिचित असेल. जुने कोरीव खांब उतरवताना तेथेही असाच कोणी गैरहजर असतो.

अर्थात प्रत्येक कोट प्रत्येकाचा होऊ शकत नाही. बाह्या, कंबर आणि पाठ यांत थोडाफार बदल करता येतो; खांदा मात्र बसला पाहिजे. खांदा उतरवायचा म्हणजे कोट नव्याने शिवण्यासारखेच आहे, आणि जाणता शिंपी त्या फंदात सहसा पडत नाही. खांदा दुसऱ्याचा असेल तर हौस बाजूला ठेवून कोट योग्य माणसाकडे जाऊ द्यावा. त्याचप्रमाणे न कमावलेल्या पलटणीच्या किंवा महाविद्यालयाच्या गुंड्या कोटावर असतील, तर त्या उतरवून जपून ठेवाव्या. आजोबांचा कोट घालणे आणि आजोबांची पदवी लावणे यांत अंतर आहे.

आठवण म्हणून वस्तू नुसती बंद ठेवावी, या मताचा मला आदर आहे. पण आपल्या कोकणपट्टीच्या हवेत ते मत टिकत नाही. पेटीत कोंडलेल्या लोकरीला श्रावणात बुरशी येते, कसर लागते. उडणारा पतंग काही खात नाही, त्याची अळी खाते. आणि ती प्रथम घामाचे, डागाचे ठिकाण शोधते. म्हणून कोट ठेवण्यापूर्वी स्वच्छ असावा. मऊ ब्रशाने वरून खाली झाडावा, रुंद खांद्याच्या हँगरवर सुती चादरीत ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. एकदा घातला की एक-दोन दिवस त्याला विसावा द्यावा. वारंवार ड्रायक्लीन करू नये, आणि छातीवरून वळणारी पट्टी इस्त्रीखाली चपटी करू नये. कडुनिंबाचा पाला, कापूर हे ठीक. पण त्यांच्या वासावर विसंबून राहू नये. पावसाळ्यानंतर उघडून, उलटून पाहावे. या सगळ्यात कोट घालणाऱ्याचे लक्ष असते, पेटीला कुलूप लावणाऱ्याचे नसते. काकूंनी दरवर्षी दसऱ्यानंतर तो बाहेर काढला नसता, तर आज हा वाद घालायला कोटच उरला नसता.

शेवटी आम्ही फोंड्याच्या एका वृद्ध शिंप्याकडे गेलो. मुलाचा खांदा आजोबांवरच गेला आहे. बाह्या तेवढ्या आखूड होत्या आणि पाठीत ओढ बसत होती. शिंप्याने मागची शिवण उसवली. आत दोन्हीकडे बोटभर माया निघाली, आणि तिचा तपकिरी रंग बाहेरच्या कापडाहून गडद होता. 1957 पासून त्यावर ऊन पडलेले नव्हते. बाही सोडल्यावर जुन्या घडीची फिकट रेघ मनगटाशी राहील, ती जाणार नाही, असे त्याने आधीच बजावले. मुलगा म्हणाला, "राहू दे."

काकूंनी एवढेच विचारले की, खिशातली चिठ्ठी काढणार काय. शिंपी म्हणाला, "तिला हात लावायचे काम नाही, बाय. शिवण तिच्या जवळून जातच नाही."

लग्न झाले, कोट परत आला. बाहीवर रेघ आहे, आणि डाव्या खिशावर वरणाचा एक लहानसा डाग नवा पडला आहे.