जगाला कर्ता हवाच का?

भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत 'सौंसर' हे नाव गावासाठी येत नाही, खडकांच्या एका समूहासाठी येते. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेले, पोटात मँगनीज बाळगणारे हे खडक शंभर कोटी वर्षांच्या घरातले किंवा त्याहूनही जुने आहेत. त्यांच्यापुढे पांढुर्ण्याच्या संत्राबागांतली काळी माती कालची म्हणायची. ती ज्या पाषाणाची झाली, त्याचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. आणखी मागे गेलो तर पृथ्वी सुमारे ४५० कोटी वर्षांची आणि ज्ञात विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांचे.

मातीचे कारण पाषाण, पाषाणाचे कारण लाव्हा. प्रत्येक पायरीवर सापडणारे कारण याच जगातले असते. शेवटच्या पायरीवर मात्र माणूस थबकतो. आमच्याकडे पारावर हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतोच, "कोनंतरी केलं असन ना जी हे सारं? आपोआप कसं होईन?"

हा प्रश्न अडाण्याचा नव्हे. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वराच्या सिद्धीसाठी ज्या युक्ती मांडल्या, त्यांतली पहिली हीच आहे. घट हे कार्य, त्याला कुंभार लागतो. जग हेही कार्य, म्हणून त्यालाही कर्ता हवा. परंतु या युक्तीला विरोध करणारेही आपल्याच घरातले होते. कुमारिल भट्ट हे वेदप्रामाण्याचे कट्टर कैवारी. त्यांनीच 'श्लोकवार्तिका'त विचारले की, काहीच नव्हते तेव्हा या निर्मात्याला शरीर कुठले, आणि करुणेने जग निर्मिले म्हणावे तर करुणा करायला प्राणी तरी कुठे होते? सांख्यकारिकेने प्रकृती आणि पुरुष यांवर भागवले, जैनांनी जग अनादी मानले. कर्ता नाकारणे हे विलायतेहून आलेले फॅड आहे, असे समजणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

मला स्वतःला कुंभाराचा दाखला पटत नाही. कुंभार माती निर्माण करीत नाही, असलेल्या मातीला आकार देतो. 'कारण' हा शब्द आपण अशा रूपांतरांवरूनच शिकलो. काहीच नसताना काही झाले, याचा अनुभव कोणालाच नाही. मग त्या प्रसंगाला घटाचा नियम कोणत्या आधाराने लावायचा? बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीवर फादर कोपल्स्टन यांच्याशी झालेल्या वादात सुचवले होते की, प्रत्येक माणसाला आई असते, एवढ्यावरून मानवजातीलाही एक आई असली पाहिजे असे ठरत नाही. शिवाय कारण हे कार्याच्या आधी असते. काळच विश्वाबरोबर सुरू झाला असेल तर 'आधी' या शब्दात अर्थ किती उरतो?

कोणी म्हणेल, ही सारी शब्दांची कसरत झाली. मुळात काही नसण्याऐवजी काही का आहे, ते सांगा. हा प्रश्न खरा आहे. पदार्थविज्ञानाने तो सोडवलेला नाही. पण निर्मात्याचे नाव घेतल्यानेही तो सुटत नाही. मग निर्माता तरी का आहे, असा तो पुन्हा उभा राहतो. निर्माता स्वयंभू आहे असे उत्तर द्यायचे असेल, तर तीच सवलत विश्वाला का नाकारायची?

महास्फोटाच्या कल्पनेचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ती १९३१ साली 'आदिअणू'च्या रूपात मांडली जॉर्ज लमेत्र यांनी, आणि ते बेल्जियमचे कॅथलिक पाद्री होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात ईश्वरी निर्मितीची साक्ष पाहिली. लमेत्रना ते रुचले नाही. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, ही त्यांची भूमिका होती. श्रद्धा त्यांनी सोडली नाही, पण समीकरणातही घुसवली नाही.

दुसऱ्या बाजूला फ्रेड हॉईल आणि आपले जयंत नारळीकर. सारे द्रव्य एका क्षणी अवतरले आणि त्या क्षणाला निसर्गनियम लागू नाहीत, हे नारळीकरांना मान्य नव्हते. १९९३ साली हॉईल, बर्बिज आणि त्यांनी नवे प्रारूप मांडले. त्यात विश्वाला एकच असा आरंभ नाही आणि द्रव्यनिर्मितीही नियमांत बसवलेली आहे. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. १९६५ साली जाहीर झालेले पार्श्वप्रारण महास्फोटाच्या बाजूने उभे होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर निवर्तले, तोवर ते अल्पमतातच राहिले. तरीही मला त्यांचा आग्रह मोलाचा वाटतो. नियम थांबले असे सांगण्यापूर्वी शोध थांबवू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. निकाल विरुद्ध गेला म्हणून हा आग्रह खोटा ठरत नाही.

इतक्या दूरच्या प्रश्नाशी आपल्याला काय करायचे, असे वाटेल. पण पांढुर्ण्यात हा प्रश्न दूरचा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णे आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. शेकड्यांनी लोक जखमी होतात, आजवर जीवही गेले आहेत. ही रीत केव्हा, कशाने सुरू झाली याचा पक्का पुरावा नाही. त्या मोकळ्या जागेत दोन गावांच्या पोरापोरीच्या प्रेमाची कथा बसली, आणि वरून चंडीमातेचे अधिष्ठान आले. आता "हे थांबवा" म्हणणाऱ्याला "देवीचं आहे" एवढे उत्तर पुरते.

उगम माहीत नसणे यात लाज नाही. त्या अज्ञानाला दैवी नाव दिले की पुढे विचारायची सोय उरत नाही, हा खरा तोटा. विश्वाच्या बाबतीत त्याने फारसे कोणाचे बिघडत नसेल. पण तीच सवय आपण घरी आणतो, आजाऱ्याच्या खाटेशी आणतो, सापाच्या विषाशी आणतो. तेथे वेळ थोडा असतो.

ज्याला परमेश्वर मानायचा त्याने खुशाल मानावा. लमेत्रंसारखा मानावा. विश्वाच्या आरंभाला अलौकिक कारण लागतेच, हे मात्र सिद्ध झालेले नाही, आणि ते नाहीच, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. पारावर पुन्हा कोणी विचारले तर मी एवढेच म्हणेन, "अजून समजलं नाही जी, शोधनं चालू आहे."