रक्षणाचा भार कोणी वाहावा?

कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली येऊन दडला, ही लीळा वाचकांस परिचित आहे. मागून आलेल्या पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी दिला नाही. हे जीव रानात राहतात, तृण खातात, झऱ्याचे पाणी पितात, अशी त्यांनी पारध्यांची समजूत घातली. येथे जिज्ञासूस शंका येते: जो प्राणी रानातले तृण सोडून माणसाचे पीक खातो, त्याचे काय?

पालमच्या शेतकऱ्यास ही शंका काल्पनिक नाही. गोदाकाठची काळी जमीन बहुतेक नांगराखाली आली. रान म्हणावे असे थोडेच उरले. हरणांचे कळप सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर उतरले की दुबार पेरणीचा खर्च कोरडवाहू कुणब्याच्या माथी येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार निषिद्ध केली. शासन पीकहानीची भरपाई देते; पण रात्रीची जागल तिच्या कोणत्या रकान्यात मांडावी? शहरात बसून हरणांची कणव करणाऱ्याच्या ताटातील घासही उणा होत नाही. अशा दयेस धर्म म्हणण्याची घाई करू नये.

लीळेचा क्रम मात्र सूक्ष्मपणे पाहावा. समजूत नंतरची, आश्रय आधीचा. ससा निरुपद्रवी म्हणून नव्हे, शरण आला म्हणून राखला गेला. आणि राखणाऱ्याने तो स्वतःच्या अंगाशी राखला, दुसऱ्याच्या शेतात नव्हे.

राखणारा आणि भार वाहणारा एकच असावा, याचे अलीकडचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव होय. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. फळझाडे न तोडण्याचा निर्बंध गावाने स्वतःवरच घातला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. बंधन आणि लाभ एकाच दारी आले.

पालमला असे वन नाही, म्हणून ती रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. जागलीच्या पाळ्या साऱ्या गावाने वाटून घेणे शक्य आहे. कळप ज्याच्या बांधावर आला त्याचेच नशीब फुटले, असे मग राहणार नाही. गायरानात गवत राखून हरणांस तिकडे वळवावे, असेही सुचते. परंतु भूमिहीनाची शेळी चरते तीही गायरानातच. तेथे कुंपण घालण्यापूर्वी त्याला सभेत बोलावले पाहिजे.