पडताना हात कुठे असावेत?

तंजावूरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, पापनाशम आणि स्वामिमलै यांच्यामध्ये, सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचं छोटं स्थानक आहे. चारी बाजूंनी कावेरीचा गाळाचा सपाट मुलूख, भातखाचरं, केळीच्या बागा, कालवे. उडी घ्यायला टेकडीसुद्धा नाही, त्यामुळे इथे कुणी पॅराग्लायडर घेऊन येईल असं नाही. पण हवेत पंख मिटला की माणसाने धडपडायचं की सोडून द्यायचं, या प्रश्नाच्या मुळाशी जो जुना प्रश्न आहे, तो या परिसराने शेकडो वर्षं जपला आहे.

पापनाशमजवळच कपिस्थलम आहे. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी हे एक. इथला देव गजेंद्रवरद, म्हणजे मगरीने पाय धरलेल्या हत्तीला सोडवणारा. याच ठिकाणी हनुमंतालाही दर्शन झालं, असं स्थलपुराण सांगतं. शेवटी सगळा जोर सोडून हाक मारणारा हत्ती आणि कुठलंही काम अंगावर घेऊन तडीस नेणारा वानर, दोघेही एकाच देवळाच्या कथेत आहेत.

गजेंद्रमोक्षाची कथा मराठी माणसाला कीर्तनातून आणि अभंगांतून पाठ झालेली असते. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावूरवर भोसल्यांचं राज्य होतं आणि त्या काळात मराठी कीर्तन या मुलखात चांगलं रुजलं, तेव्हा कावेरीकाठीही ती मराठीतून ऐकली गेली असणार. कथेचा पाठ असलेला भाग एवढाच: हत्ती हजार वर्षं लढला, थकला, सोंडेत कमळ धरून त्याने देवाला हाक मारली आणि देव धावून आला. भागवताच्या आठव्या स्कंधात मात्र आणखी दोन तपशील आहेत. ते सहसा कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि इथे तेच कामाचे आहेत.

पहिला तपशील असा, की लढाई लांबत गेली तसतसं हत्तीचं बळ ओसरत गेलं आणि मगरीचं वाढत गेलं, कारण ती पाण्यातली होती. हत्तीचा प्रत्येक हिसका त्यालाच दमवत होता. दुसरा असा, की त्या क्षणी गजेंद्राने जे स्तोत्र म्हटलं ते त्याला तिथल्या तिथे सुचलेलं नव्हतं. पूर्वजन्मी तो इंद्रद्युम्न नावाचा पांड्य राजा होता, आणि ते स्तोत्र त्या जन्मी शिकलेलं होतं. शरण जाण्याचा त्याचा अभ्यास आधीच झालेला होता.

आता कामशेतला यावं. मुंबई आणि पुण्याच्या मधल्या या मावळपट्ट्यात पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून टॉवर हिल, शेलार, शिंदेवाडी या टेकड्यांवर रंगीत पंख दिसू लागतात आणि उन्हाळा संपेपर्यंत दिसत राहतात. पॅराग्लायडरला सांगाडा नसतो. पुढच्या कडेला उघड्या तोंडाचे कप्पे असतात, त्यांत वारा शिरतो आणि दोरीवर वाळत घातलेला उशीचा अभ्रा फुगावा तसं ते कापड फुगून पंखाचा आकार घेतं. डॉमिना जॅलबर्ट यांनी १९६० च्या दशकात बनवलेल्या हवा भरणाऱ्या पॅराशूटचं हे तत्त्व. १९७८ साली फ्रान्समधल्या मियुसी गावात तिघा पॅराशूटवीरांनी अशी पॅराशूट घेऊन डोंगरउतारावरून पळत उड्डाण केलं आणि हा खेळ उभा राहिला. पंखाला पंख ठेवते ती फक्त आतली हवा. समोरून येणाऱ्या वाऱ्याशी पंखाचा कोन कमी होत होत उलटा झाला, की पुढची कड खाली दुमडते. गरम हवेच्या स्तंभाच्या काठावर हे घडतं, डोंगराच्या आडोशाला भोवरे उठतात तिथे घडतं, पायाने स्पीडबार दाबून वेगात चाललेलं असताना तर जास्त जोरात घडतं. यालाच वैमानिक ‘कोलॅप्स’ म्हणतात.

एक बाजू मिटते तेव्हा ते आधी हाताला कळतं. त्या बाजूच्या ब्रेकमधला, म्हणजे पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या दोरीतला, ताण एकदम नाहीसा होतो आणि ती सैल पडते. वर कापडाचा फडफडाट होतो, वैमानिकाचं बसायचं खोगीर त्या बाजूला खचतं आणि उरलेला पंख वैमानिकाला मिटलेल्या बाजूकडे वळवू लागतो. त्या बाजूला बऱ्याचदा डोंगर असतो.

आणि मग हात आपलं जुनं काम करतात. पडणारा माणूस काहीतरी घट्ट धरतो. हातात ब्रेक असले तर तेच धरतो आणि जीव खाऊन खाली ओढतो. मिटलेल्या पंखाच्या अपघातांत पुढचं संकट बहुधा इथे सुरू होतं. ब्रेक खोल ओढला की उघड्या राहिलेल्या बाजूचा वेग मरतो, वाऱ्याशी तिचा कोन वाढतो आणि ती बाजूही स्टॉल होते. एका बाजूने मिटलेला पण उडत असलेला पंख मग उडायचाच थांबतो आणि गिरकी घेऊ लागतो. मगरीच्या तोंडात पाय असताना हत्तीने मारलेला हिसका तो हाच.

पुढची कड समोरून सबंध दुमडली तर शिकवलेलं उत्तर असं: स्पीडबार दाबलेला असेल तर पाय लगेच सैल सोडायचे, हात वर न्यायचे आणि पंखाला पुन्हा वेग घेऊ द्यायचा. तो पुढे झेपावू लागला तरच बेताने थोपवायचं. एकच बाजू मिटली तर क्रम थोडा वेगळा. आधी दिशा सांभाळायची. शरीराचं वजन उघड्या बाजूवर टाकायचं, त्या बाजूचा ब्रेक लागेल तेवढाच द्यायचा आणि डोंगरापासून दूर नजर ठेवायची. सरळ उडणं साधलं, की मिटलेल्या बाजूचा ब्रेक लांब, खोल आणि शांत ओढून सोडायचा, गरज पडली तर पुन्हा. कापड फटकन भरतं. पंखाचं टोक दोऱ्यांत अडकून बसलं असेल, तर टोकाकडची खास दोरी ओढून ते सोडवावं लागतं. पहिलं काम दिशा सांभाळण्याचं, पंख उघडण्याचं त्यानंतरचं. घाबरलेल्या माणसाला नेमकं याच्या उलट करावंसं वाटतं.

श्रीवैष्णव आचार्यांचा वाद इथे आठवतो. त्याची मुळं कुंभकोणमपर्यंत जातात. परंपरेनुसार आचार्य नाथमुनींनी कुंभकोणमच्या आरावमुदन देवावरची, नम्माळवार या तमिळ संतकवींची दहा पदं ऐकली आणि बाकीच्या पदांच्या शोधात निघाले. आळवार संतकवींची चार हजार पदं त्यातून हाती आली. त्या पदांतल्या शरणागतीचा अर्थ लावताना पुढे दोन पंथ झाले. वेदान्तदेशिकांकडे बघणारा वडकलै म्हणतो, जीव वानराच्या पिल्लासारखा आहे. आई उडी मारते हे खरं, पण पिल्लाने पोटाला घट्ट धरलं पाहिजे. पिळ्ळै लोकाचार्यांकडे बघणारा तेन्कलै म्हणतो, जीव मांजरीचं पिल्लू आहे. आई त्याला मानेला धरून उचलते, त्याने काही करायचं नसतं, फक्त आडवं यायचं नसतं.

पंख बनवणारे आणि तपासणारे लोक हा वाद न ऐकताही त्याच्या दोन्ही बाजू मोजत आले आहेत. युरोपच्या ईएन ९२६-२ या मानकानुसार पंखांचे ए, बी, सी, डी असे वर्ग ठरतात. चाचणी घेणारा वैमानिक दोऱ्या ओढून मुद्दाम पंखाची एक बाजू मिटवतो. मोठ्या चाचणीत तर सुमारे पाऊण पंख मिटवला जातो. मग तो हात आवरून बसतो. पंख आपला आपण किती वेळात उघडतो, तोवर किती वळतो, पुढे किती झेपावतो, हे सगळं मोजलं जातं. नवशिक्याला देतात तो ए वर्गाचा पंख थोडंसंच वळून स्वतःहून उघडला पाहिजे. वर्ग वर जातो तसा पंख वेगवान होतो आणि वैमानिकाकडून जास्त मागतो. स्पर्धेतल्या पंखावर गप्प बसून चालत नाही.

एवढ्यावरून कुणी म्हणेल की ए वर्गाचा पंख तेन्कलै आणि डी वर्गाचा वडकलै, ज्याला जो झेपेल तो त्याने घ्यावा. हे सोपं आहे, पण लोकाचार्यांना पटलं नसतं. त्यांच्या मते कृपा माणसाच्या कुवतीवर अवलंबून नसते, ती सर्वांवर सारखीच असते. शिवाय पंखाच्या क्षमेला कृपा म्हणताना सांभाळायला हवं. ती क्षमा कुणीतरी आखलेली, शिवलेली आणि पुन्हा पुन्हा मिटवून पाहिलेली असते. तिला उंचीही लागते. जमिनीपासून भरपूर वर असलेला वैमानिक हात वर नेऊन पंखाला वेळ देऊ शकतो. टेकडीला लगटून उडणाऱ्याकडे तो वेळ नसतो.

सगळंच सोडून दिलं तर काय होतं, याचं एक उदाहरण जगाने पाहिलं आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मनिला गावाजवळ जागतिक स्पर्धेची तयारी चालू असताना जर्मनीची एव्हा विसनिएर्स्का वादळी ढगात ओढली गेली. तिच्या जीपीएसने ९,९४६ मीटर उंची नोंदवली. तेवढ्या उंचीवर प्राणवायू पुरत नाही. ती बर्फाने माखली, बेशुद्ध झाली आणि चाळीसहून अधिक मिनिटं तशीच राहिली. सुमारे ६,९०० मीटरवर शुद्ध आली तेव्हा डोक्यावर पंख होता आणि उडत होता. त्या वेळात तिच्या हातांनी काहीच केलेलं नव्हतं. पण त्याच वादळात चीनचा एक अनुभवी स्पर्धकही ओढला गेला. तो वाचला नाही.

ही दोन्ही टोकं एकत्र ठेवून जो धर्मविचार टिकेल तोच प्रामाणिक म्हणावा लागेल. सोडून दिलं की वाचतोच, असं आचार्यांनी कधी सांगितलं नाही. उलट चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या फौजा श्रीरंगमवर चालून आल्या, तेव्हा मांजरीच्या पिल्लाचा दृष्टान्त ज्यांच्या नावाशी जोडला जातो त्या लोकाचार्यांनी वृद्धापकाळी रंगनाथाची उत्सवमूर्ती बाहेर काढली आणि रानवाटांनी दक्षिणेकडे नेली. त्या प्रवासातच त्यांचा देह पडला. वेदान्तदेशिकांनी त्याच धामधुमीत प्रेतांमध्ये लपून श्रुतप्रकाशिका हा ग्रंथ आणि ग्रंथकाराची दोन मुलं वाचवली, असं परंपरा सांगते. शरणागतीच्या स्वरूपावरून भिन्न मतं असलेली ही दोन माणसं संकटात सारखीच वागली. देव सांभाळील म्हणून हात बांधून बसलं कुणीच नाही.

शरणागतीची सहा अंगं सांगितली जातात. देवाला अनुकूल ते करण्याचा संकल्प हे पहिलं, प्रतिकूल ते टाळणं हे दुसरं. तो सांभाळील हा गाढ विश्वास, रक्षक म्हणून त्याचीच निवड, आपल्या असहायतेची जाणीव आणि स्वतःला सोपवून देणं ही पुढची चार. निष्क्रियता यांत कुठेच नाही. सोपवणं आहे, पण त्याआधी प्रतिकूल ते टाळणं आहे, आणि सर्वांत अवघड तेच असावं. कारण प्रतिकूल कर्म त्या क्षणी प्रतिकूल वाटत नाही, जीव वाचवण्याचा एकमेव उपाय वाटतं. ब्रेक ओढणाऱ्या माणसाला आपण पंख बंद पाडतो आहोत, असं मुळीच वाटत नसतं. तो प्राणपणाने झगडत असतो.

म्हणून अभ्यासाचा प्रश्न येतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनाला आवरण्याचे उपाय म्हणून अभ्यास आणि वैराग्य यांची जोडी सांगितली आहे. पॅराग्लायडिंगमध्ये हात सोडण्याचं वैराग्यसुद्धा अभ्यासानेच येतं. शिकाऊ माणूस आधी मैदानावर उभा राहून, वाऱ्याकडे तोंड करून, पंख डोक्यावर धरायला शिकतो. पंख डगमगतो, पडतो, पुन्हा उभा करावा लागतो. किती ओढलं की पंख मरतो आणि किती सोडलं की पळतो, हे हाताला तिथे कळतं. तिथे पडण्याची उंची शून्य असते. पुढे ज्यांना शक्य आहे ते पाण्यावरच्या प्रशिक्षणाला जातात. फ्रान्समधलं अनसी सरोवर आणि तुर्कस्तानातलं ओलुदेनिझ त्यासाठी प्रसिद्ध आहेत. अंगावर जीवरक्षक जॅकेट, खाली बचावाची बोट, कानात प्रशिक्षकाचा आवाज, आणि वैमानिक स्वतःच्या हातांनी स्वतःचा पंख मिटवतो. पहिल्यांदा हात ओढतातच. काही वेळा केल्यावर थांबतात. गजेंद्राला पूर्वजन्मी शिकलेलं स्तोत्र नेमकं आठवलं, ही गोष्ट ज्यांना कवीची कल्पना वाटते, त्यांनी हे प्रशिक्षण जवळून पाहावं. संकटात नवं काही सुचत नाही. जे अंगात मुरलेलं असतं तेवढंच बाहेर येतं.

पूर्ण सोपवून देण्याचा एक क्षण मात्र या खेळात खरोखर येतो. पंख गिरकीत अडकला, उंची झपाट्याने संपू लागली आणि दुरुस्तीला वेळ उरला नाही, की वैमानिकाने खोगिरातलं राखीव पॅराशूट फेकायचं असतं. त्या क्षणी पंखाचा नाद सोडावा लागतो, आणि अनुभवी माणसांना ते जास्त जड जातं, कारण अजून एक प्रयत्न केला तर पंख उघडेल असं त्यांना वाटत राहतं. त्या एका प्रयत्नात उंची निघून जाते. म्हणून प्रशिक्षक बजावतात की खाली उंची कमी असेल तर विचार न करता फेका. फेकायलाही हात लागतोच. हँडल बघायचं, ओढायचं, मोकळ्या हवेकडे जोर लावून भिरकावायचं, मग मुख्य पंख आत ओढून घ्यायचा, नाहीतर तो आणि पॅराशूट एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि उतरण्याचा वेग वाढतो. पाय एकत्र, गुडघे किंचित वाकवून जमिनीची वाट पाहायची.

हे पॅराशूट घडी घालून तसंच पडून राहिलं तर कापडाला कापड चिकटतं आणि उघडायला उशीर होतो. म्हणून सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, ते उघडून हवेशीर करून पुन्हा नीट घडी घालायचं असतं. पावसाळ्यात मावळात उडणं बंद असतं. हे काम उरकायला तेच दिवस सोयीचे.