रस्ता रुंद केला, मग काय झालं?

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. कोंदट वस्तीतली दूषित हवा रोग पसरवते, अशी त्या वेळी सरकारदरबारी समजूत होती. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती पाडून समुद्राचा वारा शहरात यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले गेले. रस्ते चांगलेच झाले. पण घर गेलेली माणसं बहुतेक शेजारच्या चाळींतच दाटीवाटीने राहिली, आणि प्लेगवर या उपायाचा गुण आला का, हा प्रश्न उरलाच.

दूषित हवेच्या समजुतीची तपासणी परळच्या प्लेग प्रयोगशाळेतल्या मंडळींनी केली. १९०५ नंतर त्यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. काही पिंजरे उघडे, तर काहींना पिसू शिरणार नाही इतकी बारीक जाळी. घर एक, हवा एक. उघड्या पिंजऱ्यांतले काही प्राणी प्लेगने मेले, जाळीतले वाचले. शहराबद्दलच्या एका ठाम मताला खोटं ठरण्याची संधी मिळाली, आणि ते खोटं ठरलं.

या रीतीला गणित दिलं ते संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी, १९२५ च्या सुमारास, शेतीतल्या प्रयोगांसाठी. उपायाने काहीच फरक पडत नाही असं धरून चालायचं. हेच शून्य गृहीतक. मग विचारायचं, असं असताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? ती शंभरात पाचाहून कमी असेल तर शून्य गृहीतक सोडायचं. हे पाच म्हणजे सोयीचा आकडा, वेदवाक्य नव्हे.

शेतातले वाफे चिठ्ठ्या टाकून उपायाचे आणि बिनउपायाचे असे वाटता येतात, शहर वाटता येत नाही. ही अडचण अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात नीट कळते. १९५५ मध्ये तिथे रस्ते अपघातांत ३२४ माणसं मेली. गव्हर्नर रिबिकॉफ यांनी वेगाने गाडी चालवणाऱ्यांचे परवाने धडाधड निलंबित केले. पुढच्या वर्षी मृत्यू २८४. चाळीस जीव वाचले, असा डांगोरा पिटला गेला. डोनाल्ड कॅम्पबेल आणि लॉरेन्स रॉस या संशोधकांनी १९६८ मध्ये मागच्या वर्षांचे आणि शेजारच्या राज्यांचे आकडे शेजारी मांडले, तेव्हा ते श्रेय डळमळलं. आकडा दरवर्षी वरखाली होतच होता. शिवाय मोहीम निघाली तीच मुळी १९५५ चा आकडा फार चढला म्हणून. इतका चढलेला आकडा पुढच्या वर्षी काही न करताही बहुधा उतरतो. आपल्याकडे भीषण अपघातानंतर गतिरोधक बसतो आणि वर्षभराने त्याचा सत्कार होतो, तो याच जातीचा.

मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं ते स्वीडनमधलं स्टॉकहोम. जानेवारी २००६ मध्ये शहराने मध्यभागात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं. वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी घटली. ३१ जुलैला ठरल्याप्रमाणे शुल्क थांबवलं, आणि गाड्या बऱ्याच अंशी परतल्या. उपाय काढून घेणं हीसुद्धा परीक्षाच, आणि ती देण्याची हिंमत किती महापालिकांत असते? सप्टेंबरमध्ये सार्वमत झालं, पुढच्या वर्षी शुल्क कायम झालं.

एक सावधगिरी मात्र हवी. तीन चौकांत आठवडाभर मोजून ‘फरक आढळला नाही’ म्हटलं, तर उपाय निरुपयोगी ठरत नाही; मोजणी तोकडी ठरते. नेमन आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दोन चुका वेगळ्या दाखवल्या: निकामी उपाय स्वीकारणं आणि कामाचा नाकारणं. कुठली महागात पडेल हे गणित सांगत नाही, ते नगरसेवकांनी आणि नागरिकांनी ठरवायचं. उड्डाणपूल चुकला तर तो तोडणंही महाग. बसची मार्गिका चुकली तर पांढरा पट्टा पुसता येतो.

तुमच्या शहराचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला होईल, तेव्हा प्रत्येक मोठ्या रस्त्यापुढे एवढं लेखी विचारा: आज इथे काय मोजलंय, तुलना कुठल्या रस्त्याशी करणार, आणि कोणता आकडा आला तर हा उपाय फसला असं तुम्ही मान्य कराल? उत्तर काम सुरू होण्याआधी मागा.