पंचनाम्यात न मावणारी खुर्ची

२३ सप्टेंबर २०२३. मध्यरात्रीनंतर नागपुरात पावसाने जोर धरला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि एरवी शहर जिला नालाच समजते ती नाग नदी पहाटे लोकांच्या दिवाणखान्यात शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, इकडे सीताबर्डीचे मोरभवन बसस्थानक, सगळीकडे गढूळ पाणी. सुमारे दहा हजार घरांना फटका बसला. तलावाच्या सांडव्यापुढचा पुतळा, नदीपात्रातली बांधकामे, नदीचे आक्रसलेले पात्र यांवर पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत खल झाला. तो व्हायलाच हवा होता.

त्याच पहाटेच्या दोन गोष्टी मात्र लवकर विस्मरणात गेल्या. मूकबधिर विद्यालयातल्या सुमारे ४० मुलांना बचाव पथकांनी सुखरूप बाहेर काढले. आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली एक बाई घरात पाणी भरल्यावर वेळेत हलवता न आल्याने दगावली. मुले शाळेत आहेत, हे प्रशासनाला ठाऊक होते. ती बाई ठाऊक होती फक्त घरच्यांना आणि शेजारच्यांना.

जे वाचले, त्यांची गोष्ट बोट निघून गेल्यावर सुरू होते. सरकारने पूरग्रस्त घरांना तातडीचे दहा हजार रुपये, दुकानदारांना पन्नास हजारांपर्यंत आणि टपरीवाल्यांना दहा हजारांपर्यंत मदत जाहीर केली. आपत्ती निधीच्या केंद्रीय निकषांच्या तुलनेत ही रक्कम उदारच म्हणायची. त्या निकषांत कुटुंबामागे कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्याकुंड्यांसाठी २,५०० रुपये धरलेले आहेत. आता चाकाची खुर्ची कपड्यांत धरायची की भांड्यांत? कानातले यंत्र, कृत्रिम पाय, हवेची गादी, कमोडची खुर्ची यांचे काय? घरात बसून शिलाई करणाऱ्या अपंग बाईचे यंत्र चिखलात गेले, तर ते दुकान की घरसामान? आपत्तीत एखाद्याला चाळीस ते साठ टक्के अपंगत्व आले तर ७४,००० रुपये आणि साठ टक्क्यांहून अधिक आले तर अडीच लाख रुपये देण्याची सोय त्याच निकषांत आहे. पाय गेला तर नियम आहे. पायाच्या जागी जे होते ते वाहून गेले, तर पंचनामा करणाऱ्याच्या कागदावर त्याला जागा नाही.

नवे साधन मिळवायला जावे, तर दुसरा अडसर. केंद्राच्या एडिप योजनेत गरजू अपंगांना साधने मिळतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रेशीमबाग मैदानावर हजारो लोकांना ती वाटली गेली. योजनेची सर्वसाधारण अट अशी, की मोठ्या माणसाने मागच्या तीन वर्षांत त्याच कारणासाठी सरकारी मदत घेतलेली नसावी. म्हणजे रेशीमबागेत मिळालेली खुर्ची वर्षभराने नागेच्या पाण्यात गेली असेल, तर कॅलेंडरप्रमाणे तिची मुदत अजून भरलेलीच नव्हती. अट करणाऱ्यांना गैरवापर रोखायचा होता, पूर त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. पण ज्याला पलंगावरून उतरता येत नाही, त्याला हेतूचा काय उपयोग!

इथे नातेवाईक कामाला येतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. गाळ काढणे, कूलर-फ्रिज उन्हात ठेवणे, गाद्या वाळवणे, भिंतींना चुना. हे सगळे होईपर्यंत अपंग भाऊ किंवा आजी कुठल्या तरी चुलत नातेवाइकाकडे, परक्या पलंगावर, दुसऱ्याच्या वेळापत्रकाने. पंधरवड्याने घर लख्ख होते आणि तोवर त्याच्या पाठीला जखम झालेली असते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला ओली किंवा कडक गादी ही गैरसोय नव्हे, धोका आहे. शय्याव्रण व्हायला फार दिवस लागत नाहीत आणि भरून यायला महिने जातात. म्हणून क्रम उलटा हवा: आधी गादी, संडासापर्यंतची वाट, औषधे, चाकाची खुर्ची; सोफा नंतर.

अंध माणसाचे नुकसान तर दिसतही नाही. त्याचे घर त्याच्या पावलांत पाठ असते. पुरानंतर कपाट दुसऱ्या भिंतीला लागते, मोरीची पायरी फुटते, गेटजवळ ढिगारा पडतो, आणि घरच्यांना वाटते, घर तर परत मिळाले. त्याच्याबरोबर सगळे घर पुन्हा एकदा चालून बघायला अर्धा तास लागतो. स्वमग्न मुलाला नवी खोली, नवे ताट, शाळेची बंद पडलेली रिक्षा हे पाण्याइतकेच भीतीदायक असू शकते. काय आधी हवे, हे त्या माणसालाच विचारावे, एवढी साधी गोष्ट. पण मदतीच्या घाईत त्याच्या डोक्यावरून बोलणी होतात आणि तो ऐकत बसतो.

सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र घराचाच आहे. चाकाची खुर्ची वापरणारे कुटुंब तळमजला निवडते, कारण जुन्या लेआउटमधल्या दुमजली घरांना लिफ्ट नाही. पूर येतो तो तळमजल्यावरच. मग शहाणे सल्ला देतात, वर राहायला जा. वर गेले की पाण्यापासून सुटका, आणि रस्त्यापासूनही. जे तळमजल्यावर टिकून राहतात ते जोते उंचावतात, फाटकाशी विटांचा उंबरा घालतात. घर वाचते, खुर्ची अडकते. उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा. म्हणजे जोते दीड फूट वाढवले तर अठरा फुटांचा उतार हवा. नागपुरातल्या किती अंगणांत तो मावेल? पूरप्रतिबंधाच्या चर्चेत हे गणित कुणी मांडत नाही. ते अभियंत्याने नकाशावरच मांडले पाहिजे, गवंड्याने जागेवर नव्हे.

गाव हलवण्याचा उपाय महाराष्ट्राने करून पाहिला आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली पन्नासहून अधिक गावे नव्या जागी बसवली, घरांचे आकार जमीनधारणेवर ठरले. रस्ते रुंद झाले, घरे मजबूत झाली. पण जुन्या गल्लीतले शेजार विस्कटले. धडधाकट माणसाला दोन गल्ल्या ओलांडणे काहीच नाही. ज्याचा दिवस शेजारणीच्या हातच्या चहाने आणि तिच्या मुलाच्या खांद्याने चालतो, त्याचे पुनर्वसन त्या शेजारणीसकटच व्हायला हवे. पुनर्वसनाची पुढची यादी करणाऱ्याने हा धडा घ्यावा.

जपानने सुरुवातच यादीपासून केली. २०११ च्या त्सुनामीत अपंगांचा मृत्युदर सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे दुप्पट असल्याचे पाहण्यांतून दिसले. २०१३ मध्ये कायदा बदलून, संकटात मदत लागणाऱ्या रहिवाशांची यादी ठेवणे तिथल्या नगरपालिकांना बंधनकारक झाले. २०२१ मध्ये प्रत्येकासाठी वेगळा स्थलांतर-आराखडा करण्याचे प्रयत्न त्यांच्यावर सोपवले गेले. कोण कुणाला उचलणार, कुठे नेणार, हे नावानिशी.

भारतातला कायदा याबाबत मागे नाही. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंग व्यक्तींची नोंद ठेवायची आहे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी तजवीज करायची आहे. पुनर्बांधणीची कामेही अपंगांना सुगम अशीच व्हावीत, असे त्याच कलमात आहे. या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. नागपुरात त्यांचे कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे.

घरात अपंग माणूस असलेल्या वाचकाने एक अर्ज जरूर करावा: या नोंदीत आमच्या माणसाचे नाव आहे का, आणि रात्री दोन वाजता पाणी आले तर त्याला कळवणार कोण. उत्तर लेखी मागावे. सोबत युडीआयडी या अपंगत्व-ओळखपत्राची प्रत फोनमध्ये आणि दुसऱ्या गावच्या एका नातेवाइकाकडे ठेवावी, खुर्चीचा आणि यंत्राचा फोटो व पावती जपावी, आणि पुढच्या पंचनाम्याच्या वेळी ती साधने वेगळी लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.