व्रत आणि हुकूम

सप्टेंबर 2015. जैनांच्या पर्युषण पर्वात मुंबईत चार दिवस मांसविक्री बंद ठेवायचं ठरलं आणि वाद पेटला. मासे, अंडी मात्र बंदीबाहेर. 14 सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने 17 तारखेच्या विक्रीबंदीला शहरापुरती स्थगिती दिली.

सत्तेने अहिंसेच्या मागे उभं राहणं नवं नाही. सोळाव्या शतकात आचार्य हीरविजयसूरींच्या विनंतीवरून अकबराने पर्युषणात पशुहत्या थांबवली होती. अहमदाबादमधली कत्तलखान्यांची पर्युषणातली नऊ दिवसांची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली वैध ठरवली, तेव्हा निकालात अकबराचाही दाखला आला.

पण जैन परंपरेत अहिंसा हे व्रत आहे, ते ज्याचं त्याने घ्यायचं. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत कितीतरी जण या काळात अठ्ठाई करतात: आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. या संयमावर कुणाचा पहारा नसतो, म्हणून तर त्याचं मोल. हुकमाने सुरा थांबतो, खाटकाचा रोजगार बुडतो; त्याच्या मनात करुणा कुठून उपजणार?

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, लहानथोर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत क्षमा मागतात. दुसऱ्या दिवशी घरचं कुणीतरी उपवास करणाऱ्याला चमच्याने मुगाचं पाणी पाजतं.