पाय, तार आणि कर्तेपण

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. लगेच पुढे असेही म्हटले आहे की इतके असूनही जो एकट्या आत्म्याला कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. अहंकार सोडा, एवढाच अर्थ यातून बहुधा काढला जातो आणि तिथेच हा विषय रटाळ होतो. माझ्या मते उपदेश नंतरचा. आधी ते वस्तुस्थितीबद्दलचे विधान आहे आणि ते तपासता येते. तपासायला यंत्र बरे, कारण त्याचे भाग सुटे करून पाहता येतात. माझदाने १९८९ साली आणलेली एमएक्स-५ ही उघड्या टपाची, दोघांपुरती स्पोर्ट्स कार घ्या. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांत चालकाचा पाय आणि इंजिनाचा थ्रॉटल यांना जोडते ती फक्त एक पोलादी तार.

पेडलच्या वरच्या टोकाला अडकवलेली ही केबल नळीतून पत्र्यापलीकडे जाते आणि थ्रॉटलच्या अर्धचाकावर संपते. पेडल दाबले की आतली चकती उघडून हवा इंजिनात शिरते. पाय उचलला की स्प्रिंग चकती मिटवते. केबल ढिली पडली तर पेडल तळाला टेकूनही चकती अर्धवटच उघडते. फार ताणली तर पाय काढल्यावरही रेस खाली येत नाही. तारेचा एखादा पदर तुटून नळीत अडकला तर गाडी चालकाच्या इच्छेविरुद्ध पळत राहते. चकतीच्या कडेला तेलकट काजळी साचली तर पेडल आधी चिकटते आणि मग एकदम सुटते. जाड मॅट खाली सरकली तर ते तळापर्यंत जातच नाही. दुरुस्तीला दोघे असले की काम सोपे होते. एकाने आत बसून पेडल पुरते दाबायचे, दुसऱ्याने बॉनेटखाली वाकून चकती पूर्ण उघडली का ते बघायचे. मग ब्रॅकेटवरचे दोन नट पान्याने मागेपुढे करून केबलला किंचित सैलपणा ठेवायचा. यात आत बसलेल्याची स्थिती विचार करण्याजोगी आहे. केबल ढिली असो वा नीट, त्याचा पाय तळालाच असतो आणि आपण पूर्ण जोर दिला असेच त्याला वाटते. तो खरोखर दिला गेला का, हे दुसऱ्याने सांगावे लागते.

यावर नैयायिकाचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्याचा, आक्षेप ठरलेला आहे. ज्याच्या ठायी ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न आहेत तो कर्ता. तार हे केवळ करण, म्हणजे साधन, आणि करणातल्या दोषाने कर्त्याचे कर्तेपण जात नाही. आक्षेप वजनदार आहे, पण तो मान्य केला की दाव्याची सीमा गुपचूप मागे सरकते: ‘मी गाडी पळवली’ हे हातचे जाते, ‘मी प्रयत्न केला’ एवढेच उरते. तेवढे तरी निर्विवाद आहे का? १९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीबद्दल तक्रारी आल्या की ब्रेक दाबलेला असतानाही ती आपोआप सुसाट सुटते. तिथल्या सरकारी वाहन-सुरक्षा यंत्रणेने १९८९ साली निष्कर्ष काढला की अशा बहुतेक घटनांत पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला होता. काही गाड्यांत आयडलिंगच्या यंत्रणेतल्या दोषाने रेस अचानक थोडी वाढे आणि दचकलेला चालक चुकीचे पेडल दाबे. हे सगळे चालक खोटे बोलत होते असे मानायला आधार नाही. ब्रेक दाबायचे मनात होते, म्हणून पाय ब्रेकवरच आहे असे ते धरून चालले. म्हणजे स्वतःच्या प्रयत्नाचे ज्ञानसुद्धा प्रत्यक्ष नसून बऱ्याचदा अनुमान असते, आणि अनुमान चुकू शकते.

मग जबाबदारीचे काय? पाच कारणे मानली की प्रत्येक जण पाचव्याकडे बोट दाखवणार, ही भीती रास्त आहे. पण दैव म्हणजे नशीब हा अर्थ बाजारी आहे. शंकराचार्य तिथे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता घेतात, रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्मा; दोघांपैकी कोणीही ते सबब म्हणून वापरत नाही. सबब किती पोकळ असते याचे एक उदाहरण जुन्या ब्रिटिश गाड्यांत सापडते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली की स्टार्टरचा प्रवाह परतीसाठी दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट कधीकधी थ्रॉटलची केबल असते. केबल तापते, नळीचे अस्तर वितळते, तार अडकते. नवी केबल टाकली तरी तीही जळणार. मालक याला दुर्दैव म्हणेल, पण कारण त्याच्याच बॉनेटखाली हातभर अंतरावर आहे. कर्तेपण वाटले गेल्याने जबाबदारी पातळ होत नाही. ती पेडल दाबण्याच्या क्षणाकडून आधीच्या देखभालीकडे सरकते. सगळे कोणालाच तपासता येत नाही हे खरे, म्हणून ज्याचा हात जिथवर पोहोचतो तिथवरच त्याला दोष द्यावा.

एमएक्स-५च्या २००५मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत केबल गेली. आता पेडलचे सेन्सर पायाची हालचाल मोजतात, संगणक ती वाचतो आणि मोटर चकती उघडते. शौकीन कुरकुरतात की गाडीशी असलेले नाते तुटले. ती तक्रार मला अर्धीच पटते, कारण त्या नात्याची जाणीव ढिल्या केबलवरही तशीच टिकून होती. खरी अडचण निराळी आहे. किती पेडलला किती चकती उघडायची हा नियम कोणा अभियंत्याने काही वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला असतो. संगणकाला इच्छा नाही, म्हणून तो करणच. पण त्या अभियंत्याकडे ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न हे तिन्ही होते, फक्त आजच्या या दाबण्याविषयी नव्हते. नैयायिकाने त्याला कर्ता म्हटले तर एका कर्माला वर्षांच्या अंतरावरचे दोन कर्ते होतात. नाही म्हटले, तर प्रयत्न आणि कार्य यांत किती काळ जाऊ द्यायचा, हे त्याला आपल्या व्याख्येत घालावे लागेल.